तुम्ही कोरा ठेवलेला रकाना

रविवार, ८ फेब्रुवारी

दादा,

सकाळी गिरणीतून दळण आणलं. गाडीत हवा भरली. दुपारी मोबाइलवर स्कॉलरशिपचं पोर्टल उघडून पाहिलं, कालचंच वाक्य होतं, अर्ज प्रलंबित. तुमची सून आणि तुमची नात आत्ताच वंदनेला विहारात गेल्या. मी घरी थांबलो. पत्र लिहायची मला सवय नाही, तुम्हाला तर जिवंतपणीही कधी लिहिलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा नात रांगत होती. ती आता बी. फार्मच्या पहिल्या वर्षाला आहे. इथे नाशिकमध्येच कॉलेज मिळालं, घरून बसनं जाते-येते. तिला पांढरा कोट घालून पाहिलं की मला तुमची आठवण येते, का ते सांगता येणार नाही. तुम्ही आयुष्यभर खाकीच घातली.

गोष्ट अशी आहे की तिचा प्रवेश राखीव जागेवर झाला आहे, पण तात्पुरता. जातीचा दाखला तलाठ्याच्या चौकशीवर कसाबसा मिळाला होता. पण नुसता दाखला चालत नाही. तो खरा आहे असं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ते या महिन्याच्या आत कॉलेजला दिलं नाही तर तिची जागा खुल्या गटात धरतील. मग स्कॉलरशिपचा अर्ज आपोआप बाद, आणि पूर्ण फी आमच्यावर. ती आम्हाला झेपणार नाही. दोनदा हिशेब केला, तिसऱ्यांदा केला नाही. म्हणजे तिचं कॉलेज सुटेल. तिला हे माहीत आहे, तिच्या आईला माहीत आहे, पण घरात कुणी तसं म्हणत नाही. ती रोज डबा घेऊन जाते आणि आम्ही रोज तिला विचारतो, आज काय शिकवलं.

समितीला लागतो एक जुना कागद. वडिलांकडच्या रक्ताच्या माणसाचा, धर्मांतराच्या आधीचा, ज्यावर आपल्या जुन्या जातीचं नाव लिहिलेलं आहे. आणि दादा, तुम्ही तर ते नाव जिथे दिसेल तिथून काढून टाकलंत.

मला पाचवीचा प्रवेश आठवतो. तुम्ही पहाटेची पाळी करून आला होता, चपला चिखलानं भरलेल्या. वॉल्व्हची ती लांब लोखंडी चावी तुम्ही सायकलला आडवी बांधायचे आणि कॉलन्यांना पाणी सोडत फिरायचे. त्या दिवशी चावी तशीच सायकलला होती, शाळेच्या फाटकातून सायकल आत येईना. क्लार्कनं विचारलं, जात? तुम्ही म्हणालात, बौद्ध. तो म्हणाला, तो धर्म झाला, जात सांगा. तुम्ही म्हणालात, तेच लिहा. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं पेन खाली ठेवलं आणि तुम्हाला समजावलं, ‘अहो, पुढं मुलाला अडचण येईल. फी माफी, स्कॉलरशिप, नोकरी, सगळीकडं विचारतात.’ तुम्ही म्हणालात, ‘अडचण आली तर मी बघेन. मी आहे ना.’

आठवीत स्कॉलरशिपचा फॉर्म आला. त्यात ‘धर्मांतरापूर्वीची जात’ असा रकाना होता. तुम्ही सगळा फॉर्म सुवाच्य अक्षरात भरला आणि तो रकाना कोरा ठेवला. मुख्याध्यापकांनी परत पाठवला. तुम्ही तो तसाच पुन्हा सही करून माझ्याकडे दिला. मी म्हटलं, ‘दादा, सर ओरडतील.’ तुम्ही जेवत होता. घास खाली ठेवलात. ‘जे टाकून आलो ते परत उचलायचं का? सवलत बौद्ध म्हणून द्या, दोन्ही हातांनी घेतो. पण ते मी लिहिणार नाही आणि तूही लिहायचं नाही.’ आवाज चढवला नाही तुम्ही. तुमचा आवाज चढत नसे म्हणून तर भीती वाटायची. स्कॉलरशिप मिळाली नाही. तुम्ही सुट्टीच्या दिवशीही पाळी घ्यायला लागलात आणि मला दहावीपर्यंत काही कमी पडलं नाही, हेही खरं.

मी आयटीआय केलं, अंबडच्या कंपनीत स्टोअरला लागलो. तिथे कुणी जात विचारली नाही, म्हणजे कागदावर विचारली नाही. म्हणून तुमच्या त्या कोऱ्या रकान्याचा मला तसा त्रास झाला नाही. तो रकाना माझ्यावरून उडी मारून थेट हिच्यापर्यंत आला.

ऑगस्टमध्ये प्रतिज्ञापत्र करायला कोर्टाजवळ गेलो. तिथे फुटपाथवर टायपिंगवाले बसतात, आता सगळ्यांकडे कॉम्प्युटर आहेत, छत्री मात्र तीच. त्यानं नाव विचारलं, वय विचारलं, पत्ता विचारला. मग म्हणाला, ‘पूर्वीची जात?’ मी सांगितली. तो म्हणाला, ‘काका, मोठ्यानं बोला, बसचा आवाज आहे.’ मी पुन्हा सांगितली. ‘अजून जरा.’ तेव्हा मी भर रस्त्यात तो शब्द ओरडून सांगितला, दादा. पन्नाशीला आलेला माणूस, पहिल्यांदा तोंडातून काढला. मला वाटलं होतं सगळे वळून बघतील. कुणीही बघितलं नाही. शेजारी एक बाई भाडेकरार करत होती, तिनं विचारलं, ‘तुमचं झालं का? मला घाई आहे.’

मग हे सहा-सात महिने. कंपनीतून अर्धी रजा काढायची, कधी समितीच्या ऑफिसात, कधी सेतूत, कधी कॉलेजच्या खिडकीवर उभं राहायचं. खिडकीवरच्या मॅडम चांगल्या आहेत. म्हणतात, ‘काका, माझ्याकडनं काही अडत नाही. तुम्ही पडताळणी आणा, मी त्याच मिनिटाला अर्ज पुढं पाठवते. पण तारीख माझ्या हातात नाही हो.’ रांगेत माझ्यापुढे निफाडकडचे एक गृहस्थ असायचे, त्यांच्या मुलाचंही अडलं होतं. एकदा ते मागे वळून म्हणाले, ‘पोरीचं लग्न जमवणं सोपं, हे अवघड.’ मी म्हटलं, लग्नात निदान पाहुणे धावून येतात. ते हसले, मॅडमही हसल्या. त्यांचं काम डिसेंबरात झालं. आता रांगेत मी कुणाशी बोलत नाही.

समितीतल्या साहेबांनीही रागानं नाही सांगितलं. फाइल उलटीपालटी करून म्हणाले, ‘तुमच्याकडचं सगळं धर्मांतरानंतरचं आहे. तुमचं बौद्ध, वडिलांच्या सर्व्हिस बुकात बौद्ध. वडील शाळेत गेले होते ना? धर्मांतराच्या आधी नाव घातलं असेल, तर मूळ नोंद असणारच.’ मी म्हटलं, होती. ‘होती म्हणजे?’ आता त्यांना काय सांगू? तुम्ही ही हकीकत घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, विजयादशमीला तर हमखास. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात तुम्ही गावी गेलात, शाळेत जाऊन स्वतःची नोंद बदलून मागितली. गुरुजी म्हणाले, वरचा हुकूम आणा. तुम्ही चांदवड केलं, नाशिक केलं, हुकूम आणला, आणि समोर उभं राहून लाल शाईनं खोडून घेतलं. पाहुणे टाळ्या वाजवायचे. मीही वाजवायचो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मोठं काम केलं तुमच्या वडिलांनी. पण मला आता पुरावा लागेल.’

आजोबा शाळेत गेलेले नाहीत. गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीसाठी तहसीलच्या रेकॉर्डला अर्ज केला. तिथल्या माणसानं बांधलेला गठ्ठा माझ्यासमोर सोडला. आपल्याला हवी असलेली पानं हात लावताच भुग्यासारखी सुटत होती. त्यानं लगेच हात मागे घेतला, म्हणाला, याचा उतारा मी देऊ शकत नाही, वाचताच येत नाही तर लिहू काय. मी बाहेर पायरीवर बसलो. समोर चहावाला होता, चहा घ्यावासा वाटला नाही. तुम्ही म्हणाला होता, मी बघेन. मी मनातल्या मनात म्हणालो, मग बघा ना आता. तुमच्या ताठपणाचं बिल तुमच्या नातीला का यावं? मला इतका राग तुमच्या जिवंतपणी कधी आला नव्हता. घरी आलो तेव्हा भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी तुमचा फोटो आहे, त्याकडे मी पाहिलं नाही. रोज कामावर जाताना पाहतो. त्यानंतर बरेच दिवस पाहिलं नाही.

नातीला सांगावंच लागलं. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मटार सोलत होती. सगळं ऐकून घेतलं तिनं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, ‘पप्पा, वर्गात पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना कळतं कोण कुठल्या यादीतून आलंय. मुली आडनावावरून ओळखतात, नाही ओळखलं तर सरळ रँक विचारतात. सगळ्या जगाला माहितीय. फक्त त्या एका कागदाला माहीत नाही.’ तिची आई म्हणाली, ‘हळू बोल.’ ती म्हणाली, ‘का हळू? आजोबांनी खोडलं ते बरोबरच केलं. पण खोडलं त्यांच्या एकट्याच्या वहीत. बाकीच्यांनी त्यांच्या वह्यांत खोडलं का?’ तुम्हाला याचं उत्तर आलं असतं का? मटारचे दाणे तिनं वाटीत ओतले आणि विचारलं, ‘आजोबांना बहीण होती ना? ती नाही गेली शाळेत?’

आत्या. देवळ्याच्या बाजूला, चांदवड ओलांडून आत. तिचा विचार आम्ही कुणी केलाच नव्हता, कारण ती अंगठा लावते. आणि खरं कारण म्हणजे तुम्ही. आपल्या गावानं दीक्षा घेतली तेव्हा तुम्ही पोरगे होता, मोठ्यांच्या मागे घराघरातले देव टोपलीत घालून नदीवर नेलेत. आत्या लग्न होऊन गेली त्या घरात मात्र खंडोबाचा टाक राहिला. तुम्ही नोकरीला लागल्यावर तोही न्यायला गेलात. तिनं दिला नाही. तुम्ही ओसरीवरूनच मागे फिरलात, तिच्या हातचं पाणीही न घेता, आणि नंतर त्या घरी कधी गेला नाहीत. तुमच्या अंत्यविधीला ती आली होती, अंगणात उभी राहिली आणि न जेवता गेली. मी तेव्हा तिला थांबवलं नाही, गर्दी होती.

गेल्या गुरुवारी रजा टाकून गाडीवर गेलो. ती दारात कांद्याची पात निवडत बसली होती. पार वाळली आहे, पण नजर शाबूत. मला बघून म्हणाली, ‘कोन रे? भाऊचा का?’ मी हो म्हटलं. ‘चालन्यावरून वळखलं. तसाच येतो, मान ताठ करून, जसं काय रस्ता तुझ्या मालकीचा हाय.’ तिच्या सुनेनं पाणी आणलं. आत्या माझ्याकडे बघत राहिली. ‘पितो का? का बापासारखं तोंड फिरवतो?’ मी सगळा तांब्या प्यायलो. तहान लागलीच होती. ती सुनेला म्हणाली, ‘टाक भाकरी.’

मी आधी काम सांगायला लागलो तर तिनं हात वर केला. ‘जेव आधी. जेवल्याबिगर मी काय बी ऐकनार नाय. पंचावन्न-साठ वर्सं झाली, तुमच्या घरचं मानूस माझ्या ताटाला शिवलं नाय.’ बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, ठेचा. चुलीपाशीच बसवलं मला. ताट वाढताना मागे कोनाड्यात देव्हारा दिसत होता, छोटा, पितळेचा टाक, हळदीनं पिवळा झालेला. तिनं मला बघताना बघितलं. म्हणाली, ‘हाच तो. यावरूनच तुझा बाप रुसला. मला पाच वर्सं पोर नव्हतं रे. सासू दुसरी करायला निघाली होती. मी याच्यापुढं पदर पसरला आन मग हिचा नवरा झाला.’ सुनेनं भाकरी थापताना मान खाली घातली. ‘आता भाऊ म्हनतो, टोपलीत टाक. कसा टाकू? तूच सांग. त्यानं तरी टाकला आसता का?’ मी म्हटलं, ‘दादांनी टाकला असता.’ ती जोरात हसली. ‘टाकला आसता मेल्यानं! लय ताठ.’ आणि मग डोळ्याला पदर लावला.

मग मी काम सांगितलं. शाळेचं विचारताना मला आशा नव्हती. विचारायचं म्हणून विचारलं. ती म्हणाली, ‘गेले की. एक पावसाळा गेले.’ माझ्या हातातला घास तसाच राहिला. ‘तुझ्या बापानंच नेलं हाताला धरून. तो दुसरीत. गुरुजी म्हनत होते पोरी आना, पोरी आना. कोन धाडनार? यानं मला गोठ्यातून वढत नेली, नाकाला शेंबूड. गुरुजी वट्यावर टेबल टाकून बसलेले. म्हने कोनाची गं तू? मी काय बोलनार, मी रडते. यानं सांगितलं सगळं. नाव, बापाचं नाव, आन जात बी.’ ‘जात कुणी सांगितली?’ मी विचारलं. ‘तुझ्या बापानं. खनखनीत. दूर हुबा राहून सांगायचं आसायचं ना, मग मोठ्यानंच सांगावं लागायचं.’

दादा, मी ते ताट पुसून खाल्लं, पण काय खाल्लं ते आठवत नाही.

ती म्हणाली मी पण येते. तिला गाडीवर मागे बसवलं, सून म्हणत होती पडतील, ती म्हणाली, ‘पडले तर यानं उचलावं, भाचा कशाला आसतो?’ आपल्या गावची शाळा आता दोन मजली आहे. मुख्याध्यापिका तरुण आहेत, तुमच्या नातीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, कापडात बांधलेलं, पुठ्ठा गेलेला, पण पानं शाबूत. कुणीतरी सांभाळलं होतं. बाईंनी बोट फिरवत फिरवत साल शोधलं. आधी तुमची ओळ आली. लाल रेघ पट्टी धरून मारलेली, इतकी दाट की खालचं एकही अक्षर वाचता येत नाही, वर ‘बौद्ध’ आणि गुरुजींची सही. मी ती नोंद आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. पाहुण्यांना सांगताना तुम्ही छाती काढायचे तशीच ती रेघ आहे. मला तिचा राग आला नाही. यायला हवा होता, मी तयारीनं गेलो होतो. मग बाईंनी पान उलटलं आणि आत्याची ओळ आली. न खोडलेली. तुमच्या तोंडून निघालेलं, गुरुजींनी लिहून घेतलेलं.

आत्या म्हणाली, ‘कुठं हाय मी?’ बाईंनी बोट ठेवलं. ‘येवढीशीच?’ मग म्हणाली, ‘बाई, मी पास का नापास?’ बाई हसल्या. ‘आजी, नाव कमी केलंय तुमचं. सतत गैरहजर, असा शेरा आहे.’ ‘गैरहजर नाय तर काय! शेळ्या कोन वळनार, तुझा गुरुजी?’ दारात पोरं जमली होती, ती हसायला लागली, बाईंनी त्यांना हाकललं. मग त्या उतारा लिहायला बसल्या, प्रत्येक रकाना मोठ्यानं वाचत. जातीच्या रकान्याशी आल्यावर त्यांचा आवाज बारीक झाला. बिचाऱ्या संकोचल्या. आत्यानं तो शब्द त्यांच्यासाठी उच्चारला, अगदी सहज, जसं गावाचं नाव सांगावं. बाईंनी लिहिला. शिक्का मारला. मी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि शर्टाच्या आत ठेवला.

शुक्रवारी समितीत दिला. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर आत्याचा अंगठा चांदवडलाच घेतला होता. साहेबांनी उतारा उजेडाला धरून पाहिला, म्हणाले, ‘हे बरं झालं. मूळ रजिस्टर आम्ही मागवून घेऊ, मग निर्णय.’ मी विचारलं, किती दिवस? म्हणाले, ‘सांगता येत नाही. पण तुमची तारीख मी लिहून ठेवली आहे.’ कॉलेजच्या मॅडमना पोचपावती दाखवली. त्या म्हणाल्या, ‘पोचपावतीवर वरचे लोक थांबतील असं मी म्हणत नाही काका. पण अर्ज मी बाद करत नाही, शेवटच्या दिवसापर्यंत ठेवते.’ म्हणजे अजून काहीच झालेलं नाही. रजिस्टर तिथून निघायचं आहे, इथे पोचायचं आहे, कुणीतरी ते उघडून पाहायचं आहे, आणि महिना लहान आहे. मी दर तासाला पोर्टल उघडतो. रविवारी काही होत नाही हे माहीत असूनही आज उघडलं. नात काल म्हणाली, ‘पप्पा, तुम्ही झोपेत बोलता.’

हे पत्र मी पाठवणार कुठे, म्हणून यात सगळं लिहून टाकतो आहे. हे इतरांना सांगितलेलं नाही. गुरुवारी शाळेतून आत्याला घरी सोडलं तेव्हा तिनं तो उतारा मागितला. नवा कागद ती देवापुढे ठेवते, जमिनीचा असो की नातवाच्या रिझल्टचा. मूळ कागदाला कुंकू लागू नये म्हणून मी झेरॉक्स पुढे केली. तिला फरक कळला. तिनं ती टाकापुढे ठेवली, हळद वाहिली, पदर पसरला आणि माझ्या मुलीचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटली. काम तोवर झालं होतं. अंगठा मिळाला होता, उतारा शर्टाच्या आत होता. तिनं मला ये म्हटलं नव्हतं, तिचं लक्षही नव्हतं. पण मी पुढे गेलो आणि हात जोडले, दादा. बावीस प्रतिज्ञा मला तुम्ही पाठ करून घेतल्या आहेत, मला माहीत आहे मी काय केलं. कुणापुढे जोडले ते मला अजून सांगता येत नाही. डोळे उघडे होते. टाकाकडे पाहत नव्हतो, झेरॉक्सकडे पाहत होतो. पण जोडले, आणि बराच वेळ खाली घेतले नाहीत.

मी निघताना आत्या म्हणाली, सुनावनीला बोलावलं तर येईन, गाडी घेऊन ये. मी हो म्हटलं आहे.

आता अंधारून येईल. गच्चीवर कपडे वाळत घातले आहेत, तिचा पांढरा कोटही आहे त्यात, उद्या प्रॅक्टिकल आहे. दव पडायच्या आत काढून आणतो, इस्त्री करून ठेवतो.